माहेरच्या वाटेवरचं पहिलं झाड

नाना,

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच मी तुम्हाला मनातलं लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा आधी नगरहून आणि मग पुण्याहून दर पंधरा दिवसांनी माझं कार्ड यायचं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून पोस्टमन ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि शेजारपाजारचे कान देऊन ऐकायचे. त्यामुळे कार्डात मी कधी काही लिहिलंच नाही. प्रकृती बरी आहे, अभ्यास चालू आहे, आईला नमस्कार. आता मध्ये पोस्टमन नाही. रविवार आहे, शाळा रिकामी आहे, आणि माझ्यासमोर टेबलावर एक चिठ्ठी पडली आहे, तिच्यामुळे हे सुरू झालं.

कॉलेजातल्या माझ्या मराठीच्या सरांनी एक काम दिलं आहे. आपल्या भागात लोक शब्द कसे वापरतात ते गोळा करून पाठवायचं. एका चिठ्ठीवर एक शब्द आणि खाली त्याचे अर्थ, जितके सापडतील तितके. मी दोन महिन्यांत शंभरावर चिठ्ठ्या केल्या. शेताचे, पाण्याचे, स्वयंपाकाचे शब्द झाले. आज सकाळी एका चिठ्ठीवर 'टकळी' असं लिहिलं. पहिला अर्थ सोपा होता, सूत कातायची चाती. दुसरा, न थांबता चाललेलं, सरावाचं, भरभर बोलणं. तिसरा लिहायला घेतला, 'निरर्थक बडबड', आणि 'निरर्थक'पाशी हात थांबला. तासभर झाला, चिठ्ठी तशीच आहे.

हा शब्द मी घरातच शिकले. नगरकडच्या अकोल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात संध्याकाळी आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही चुलीपासून जरा दूर पोत्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी बांगड्या मापाप्रमाणे दोरीत ओवता आहात, आणि ओवता ओवता तुमचं बोलणं चालू आहे. कुणाशी ते कळत नाही. आई म्हणते, "घरी तरी टकळी बंद ठेवा. माझ्या हातात बांगडी न्हाई, भाकरी हाय." तुम्ही म्हणता, "बोलल्याबिगर भाकरीबी फुगत न्हाई." आणि ती भाकरी नेमकी फुगते, आई हसू दाबते. पुढे मला कळलं की लोक हा शब्द कुठेही लावतात. श्रावणात पोथी भरभर उरकणाऱ्या भटजींची टकळी असते. मोटार स्टँडवर गावांची नावं एका श्वासात ओरडणाऱ्याची असते. शाळेत मी इतिहासाचं उत्तर धडाधड म्हणाले की मास्तर म्हणायचे, टकळी छान आहे, अर्थ कळला का? परवा मी वर्गात शिरताना आतून आवाज आला, "गप ग, आता बाईंची टकळी सुरू हुईल." मी दाराबाहेर क्षणभर उभी राहिले. रागावले नाही. तुमची आठवण झाली.

तुमची टकळी मला पाठ होती. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला बांगडी भरायला शिकवलंत, माझ्याच डाव्या हातावर, मग शेजारच्या मुलींच्या हातावर. हात कसा धरायचा, अंगठा आत कसा दुमडायचा, बोटांच्या सांध्यांवरून काच कशी सरकवायची ते दाखवलंत, आणि त्याबरोबर बोलायचं काय तेही. "या बाई, बसा बाई, हात द्या बाई. अंगठा आत, बोटं सैल. माहेर कुठलं, वाट कुठली? माहेरच्या वाटेवर पहिलं झाड कोणतं?" बाई म्हणायची, जांभळ. "जांभळीच्या म्होरं काय?" वढा. "वढ्याला पाणी हाय का आटलं?" हाय थोडं. "थोड्या पाण्यात पाय भिजवा, दम खावा. पल्याड कोण दिसतं?" कुणाला भाऊ दिसायचा, कुणाला म्हातारी आई, कुणाला नुसती गाय. तोपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची आणि बाईला पत्ता नसायचा. मी समजत होते की हे गिऱ्हाइकाला खूश ठेवायचं बोलणं आहे, बाजारात सगळेच करतात तसं. मी ते कवितेसारखं पाठ केलं आणि बाहुलीच्या हातावर म्हणत बसायची.

आईलाही तुम्ही दर संक्रांतीला स्वतः बांगड्या भरायचात. कासाराच्या बायकोची बांगडी हातात खुळखुळता कामा नये, असं म्हणून सगळ्यात घट्ट माप तिच्यासाठी काढायचात. आणि तिलाही विचारायचात, माहेरच्या वाटेवर पहिलं झाड कोणतं. एका वर्षी आई म्हणाली, बाभूळ. पुढच्या वर्षी म्हणाली, निंब. त्याच्या पुढच्या वर्षी करंज. तुम्ही म्हणालात, "दर साली झाड बदलतं कसं?" आई म्हणाली, "तुमी ध्यान देऊन ऐकता का नुसतं बोलता, ते बघते." खरं झाड कोणतं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

मी पुण्याला निघाले त्या वर्षी सगळीकडे खादीचं वारं होतं. आम्ही मुली वसतिगृहात रोज अर्धा तास टकळीवर सूत काततो असं मी कार्डात लिहिलं होतं. सुट्टीत घरी आले तर तुम्ही माझ्यासाठी तांबट आळीतून एक टकळी करून आणली होती, पितळेच्या चकतीची, इतकी समतोल की बोटाच्या नुसत्या स्पर्शानं भिंगरीसारखी फिरायची. माझ्या हातात देऊन तुम्ही आईला हाक मारलीत, "घरात आता दोन झाल्या बघ." ती टकळी अजून माझ्या पेटीत आहे. वसतिगृहात सगळ्या मुली ती बघायला यायच्या. कुणी दिली विचारलं की मी म्हणायची, वडिलांनी. वडील काय करतात विचारलं की म्हणायची, व्यापार.

ते वर्ष माझ्यासाठी फार मोठं होतं, नाना. आपल्या घरात माझ्याआधी कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं आणि मी पुण्यात मोठमोठ्या माणसांना ऐकत होते. देशासाठी, बायकांसाठी काहीतरी करायचं असं रोज वाटायचं आणि ते खोटं नव्हतं. सर एकदा वर्गात म्हणाले, ज्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं त्याची टकळी चालते. मी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली. रेघ मारताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होतात.

त्या उन्हाळ्यात मी दोन मैत्रिणींना घेऊन राजूरच्या बाजाराला आले. डोंगरातल्या गावांतून बायका येतात, त्यांना अक्षरओळखीचं महत्त्व सांगायचं, नावं लिहून घ्यायची, असं आम्ही ठरवलं होतं. पाटी होती, खडू होता, मी भाषण पाठ केलं होतं. आम्ही उभ्या राहिलो आणि पंधरा पावलांवर तुम्ही पेटारा उघडून बसलेले. बायका सगळ्या तुमच्याभोवती. माझ्यापुढे चार मुलं आणि एक म्हातारा. मी आवाज चढवला. तिकडून हसण्याची लाट आली, तुम्ही कुणाला तरी ओढ्याचं पाणी विचारत होतात. माझी एक मैत्रीण हळूच म्हणाली, "त्या बांगडीवाल्याला सभापती करू या." तिला ठाऊक नव्हतं तुम्ही कोण ते. मी तिला सांगितलं नाही. मी पंधरा पावलं चालत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जरा टकळी थांबवता का? आम्ही तिकडे काहीतरी कामाचं सांगतो आहोत."

नाना म्हणून हाकसुद्धा मारली नाही. परक्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

तुम्ही वर बघितलंत. मैत्रिणींकडे बघितलंत, पाटीकडे बघितलंत, आणि मान हलवलीत. तुमच्यापुढे डोंगरातली एक बाई बसली होती, हात कामानं राठ झालेला, सांधे मोठे. ती म्हणाली, "बोला की दादा, गप का झाला?" तुम्ही म्हणालात, "बाई सांगतायत ते ऐका." आणि गप्प राहून बांगडी चढवायला लागलात. बाई आता हाताकडे बघत होती. मी वळले होते, तेवढ्यात काच वाजली. आपल्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. एक वाढली, तुम्ही दुसरी घेतलीत, तीही वाढली आणि तिच्या हाताच्या पाठीत रुतली. रक्त आलं. इतक्या वर्षांत तुमच्या हातून गिऱ्हाइकाला रक्त आलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही आपल्या धोतराची किनार फाडून बांधलीत आणि म्हणालात, "चूक माझी हाय, बाई. हात तुमचा चांगला हाय." बायका उठल्या आणि पांगल्या. माझ्याकडेही कुणी आलं नाही.

संध्याकाळी मैत्रिणी मोटारीनं गेल्या. मी तुमच्याबरोबर तट्टामागून चालत निघाले. मला वाटत होतं तुम्ही रागानं, मुद्दाम गप्प राहिलात, मला दाखवायला. तसं मी बोलूनही दाखवलं.  मग तट्टाच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "बाईचं ध्यान हातावर असलं की हात भितो. भ्यालेला हात घट होतो, आन घट हातात काच जात न्हाई. म्हणून तिला तिथनं उठवायचं. हात माझ्यापाशी राहतो, बाई माहेराला जाती. तवर बांगडी भरून हुती." थोड्या वेळानं म्हणालात, "बाकी मला तरी कुठं काय सांगायचं असतं, पोरी."

ते शेवटचं वाक्य मला लागलं, कारण मी वहीत तेच लिहिलं होतं. मी माफी मागायला हवी होती. मी म्हणाले, "उद्या मला लवकर उठवा, मोटार चुकायला नको." त्यानंतर तुम्ही माझ्यादेखत कधी मोकळं बोलला नाहीत. दिवाळीत मी घरी होते तर स्वयंपाकघरात तुम्ही गप्प बसून बांगड्या ओवत होतात. आई म्हणाली, "आज काय मौन हाय का?" तुम्ही म्हणालात, "पोरगी वाचतीया." मी पुस्तकाचं पान उलटलं. मार्गशीर्षात तुम्हाला ताप भरला. तार मिळून मी पोचले तोवर तुम्ही गेला होतात.

आता दहाव्या दिवसाचं सांगते. ते सांगायलाच हे पत्र आहे.

आईच्या हातात तुम्ही भरलेल्या बांगड्या होत्या, हिरव्या, डाव्या हातात सात, उजव्यात सहा. दहाव्याला त्या उतरवायच्या. धाकट्या काकू दगड घेऊन आल्या. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या, त्यांच्याही हातावर असाच दगड पडला होता. मी दगड धरला आणि म्हणाले, माझ्या आईच्या हातावर दगड पडणार नाही.  थोरले काका दारातून म्हणाले, "शिकलीस म्हणून रीत मोडायची का?" मी म्हणाले, "बांगड्या उतरवायची रीत आहे ना, मी उतरवते. अख्ख्या. कासाराची मुलगी आहे मी."  काका म्हणाले, "उतरव. समद्या अख्ख्या निघाल्या तर इथून पुढं आपल्या आळीत कुणाच्याबी हातावर दगड घेणार न्हाई, मी सांगतो समद्यांला. पर एक जरी वाढली तर मग मदी बोलू नको." मी हो म्हणाले. मला भीती वाटली नाही. उलट, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा मला बळ आल्यासारखं वाटलं.

सर आणि त्या दोघी मैत्रिणी पुण्याहून भेटायला आले होते. सर्व्हिस मोटारीतून उतरून, धुळीनं भरलेल्या खादीत, ते तिघं दारापाशी उभे होते. सभापतीची थट्टा करणाऱ्या मैत्रिणीला आता कळलं होतं की बांगडीवाला कोण होता. ती खाली मान घालून उभी होती.

मी आईपुढे बसले. हाताला खोबरेल लावलं. डावा हात सोपा होता, सातही निघाल्या. काकूंनी त्या एका ताटलीत ठेवल्या. मग उजवा हात घेतला. तो कामाचा हात, भाकऱ्या थापणारा, सांधे सुजलेले, आणि तुम्ही भरलेलं घट्ट माप. एक निघाली, दुसरी, तिसरी. चौथ्या बांगडीपाशी आईनं हाताकडे बघितलं. त्या हातात तुम्ही भरलेल्या आता तीनच उरल्या, असं काहीतरी तिला वाटलं असेल. तिचा हात माझ्या हातात लाकडासारखा झाला. सांध्यावर काच अडकली. मी तेल घातलं, अंगठा दुमडला, सगळं तुम्ही शिकवलं तसं केलं. एक सोडून. चौथी कशीतरी निघाली. पाचवी वाढली. अर्धी माझ्या हातात आली आणि अर्धी तिच्या मनगटात रुतली.

 काकूंनी हलकेच मला बाजूला केलं, रक्त पुसलं, आणि उरलेली एक बांगडी दगडानं वाढवली.

तो वण अजून आईच्या मनगटावर आहे, आतल्या बाजूला, गव्हाच्या दाण्याएवढा. पुढे मी पदवी घेतली, शाळेत लागले, आई माझ्याबरोबर राहायला आली. ती भाकरी थापताना तो वण वरखाली होतो. गेल्या वर्षी आपल्या आळीतल्या एका मुलीचा नवरा गेला. अठरा वर्षांची. मी धावत अकोल्याला गेले. पोचले तोवर तिच्या हातावर दगड पडून गेला होता. बायका म्हणाल्या, "तुझी वाट बघून काय करायचं? तुला जमलं व्हतं का?" त्यांनी टोमणा मारला नाही. त्यांनी खरंच विचारलं.

त्या दिवसाबद्दल मी सगळ्यांना एकच सांगत आले. सरांना, मैत्रिणींना, आईलासुद्धा. म्हणते, नानांचं बोलणं मला आठवतच नव्हतं, दुःखानं डोकं रिकामं झालं होतं. लोकांना ते पटतं. आई ऐकते आणि परातीत पीठ घेते.

चिठ्ठीवरचं 'निरर्थक' मी आत्ता खोडलं. त्याखाली दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. हात सैल व्हावा म्हणून माणसाला दुसरीकडे नेणारं बोलणं, असं लिहिलं तर सर विचारतील, हा अर्थ कुणाच्या तोंडून ऐकला, पुरावा काय. आणि मग ते त्या दिवशी दारापाशी उभे होते, याची मला त्यांना आठवण करून द्यावी लागेल. ती चिठ्ठी बहुधा मी पाठवणार नाही. हे पत्रही तुमच्या रिकाम्या पेटाऱ्यात ठेवीन, आई त्यात आता माझे जुने कागद ठेवते. तिला वाचता येत नाही. शिकवते म्हटलं तर म्हणते, तुझ्या शाळेतल्या मुलींना शिकव.

मला आठवत होतं, नाना. सगळं आठवत होतं, या बाई बसा बाईपासून ओढ्याच्या पाण्यापर्यंत. जिभेवर होतं. दारात सर उभे होते म्हणून मी तोंड मिटून घेतलं. आणि चौथ्या बांगडीपाशी हात घट्ट झाला तेव्हा आईनं मान वर केली आणि मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "इचार की ग मला."

मला ऐकू आलं होतं. ते झाड कोणतं, मी अजून विचारलेलं नाही.